चौकटीबाहेरचे कंस, पट्ट्या आणि बाण: मॅटप्लॉटलिबमध्ये कुठल्या खुंट्याला काय बांधायचं

प्रश्न थोडक्यात परत सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या चार्ट काढायच्या लायब्ररीत पावसाचे दोन चार्ट एकाखाली एक काढलेत. वरच्यात देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस, वर्षवार, सरासरीच्या टक्क्यांत. खालच्यात २००९ सालचे बारा महिन्यांचे बार. हवंय काय, तर महिन्यांच्या नावांखाली ऋतूंचे कंस, वरच्या चार्टच्या उजवीकडे चौकटीबाहेर 'अपुरा', 'सरासरी' असं लिहिलेली रंगीत पट्टी, २००९ च्या ठिपक्यापासून खालच्या जूनच्या बारपर्यंत बाण आणि कोपऱ्यात गोलात १, २ असे नंबर. आणि होतंय काय, तर पट्टी दिसतच नाही, गोल अंड्यासारखा येतो, आणि नोटबुकमध्ये सगळं छान दिसतं पण फाइल सेव्ह केली की उजवीकडची अक्षरं कापली जातात.

हे सगळे झटके मी एकेकदा खाल्लेत त्यामुळे जरा लांबण लागेल. मोबाइलवर मराठी कीबोर्डनेच टाइप करतोय, फंक्शनची नावं पण देवनागरीतच येतील, उच्चारावरून ओळखाल, शब्दांच्या मधे बहुतेक ठिकाणी अंडरस्कोर समजा (ट्रान्स डेटा, स्केल्ड ट्रान्सलेशन, कनेक्शन पॅच अशी काही नावं मात्र जोडूनच).

आधी पट्टी का दिसत नाही ते. ॲड पॅच ने तुम्ही रेक्टँगल टाकला की मॅटप्लॉटलिब त्याला ॲक्सेसच्या (म्हणजे त्या एका चार्टच्या) चौकटीचा क्लिप लावून टाकतं, म्हणजे चौकटीबाहेरचा भाग कात्रीने कापल्यासारखा जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसतं गायब. रेक्टँगल बनवतानाच क्लिप ऑन फॉल्स द्या, दिसायला लागेल. प्लॉट ने काढलेल्या रेषांचंही तेच. ॲक्सेसच्या टेक्स्ट ला मात्र हा क्लिप मुळातच बंद असतो, म्हणून तुमची अक्षरं बाहेर दिसली आणि पट्टी नाही, आणि तुम्हाला वाटलं पट्टीचे आकडे चुकले. आकडे बरोबर होते. ॲनोटेट चं तिसरंच: तो ज्या बिंदूकडे बोट दाखवतो तो बिंदू डेटा कोऑर्डिनेटमध्ये असेल आणि चौकटीबाहेर गेला असेल तर अख्खं ॲनोटेशनच काढत नाही, तिथे ॲनोटेशन क्लिप फॉल्स असं वेगळं द्यावं लागतं. तिघांचे तीन नियम, लक्षात ठेवा एवढंच म्हणू शकतो.

आता खरा मुद्दा. बाहेर काही काढायचं म्हटलं की बहुतेक जण आकड्यांशी झटापट करत बसतात, वजा ०.०७ करून बघ, नाही जमलं, वजा ०.०९ करून बघ. त्याआधी एक ठरवायला हवं की हा आकार कुणाच्या मागे फिरला पाहिजे. गुरं बांधतो तसं आहे, खुंटा कुठला आणि दावं किती लांब. उद्या चार्टची उंची वाढली, वर्षं वाढली, डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) बदलला, तर हा कंस कशाबरोबर सरकायला हवा? ते ठरलं की कोड आपोआप सुचतो.

खुंटे, म्हणजे जागा मोजायच्या पद्धती, चारच आहेत. ट्रान्स डेटा म्हणजे तुमचे खरे आकडे, वर्ष आणि टक्के. ट्रान्स ॲक्सेस म्हणजे चौकट, डावा खालचा कोपरा शून्य शून्य, उजवा वरचा एक एक, १.०२ म्हटलं की उजव्या कडेच्या किंचित बाहेर. ट्रान्स फिगर म्हणजे अख्खा कागद. आणि चौथा फिगरचा डीपीआय स्केल ट्रान्स म्हणजे इंच, त्यात पॉइंट (अक्षरांचं माप, इंचाचा बहात्तरावा भाग) हवे असतील तर ७२ ने भागायचं. याशिवाय निव्वळ पिक्सेल पण आहेत, त्यांच्या नादी लागू नका, का ते पुढे सांगतो.

गंमत अशी की चौकटीबाहेरच्या वस्तू बहुतेक वेळा एका खुंट्याला नाही, दोन खुंट्यांना बांधलेल्या असतात. ऋतूचा कंस बघा ना, आडवा तो महिन्यांना बांधलेला हवा (जूनपासून सप्टेंबरपर्यंत, मग बार कितीही रुंद होवोत), पण उभा तो पावसाच्या आकड्याला बांधून चालणारच नाही, तो चौकटीच्या खालच्या कडेला हवा. यासाठी ॲक्सेसवर गेट एक्सॲक्सिस ट्रान्सफॉर्म आहे, एक्स डेटाचा आणि वाय चौकटीचा. याचा जुळा भाऊ गेट वायॲक्सिस ट्रान्सफॉर्म, तिथे उलट. ही दोन फंक्शनं ज्याला माहीत झाली त्याचं निम्मं काम संपलं असं माझं मत आहे, आणि वर्षानुवर्षं मॅटप्लॉटलिब वापरणाऱ्या कितीतरी लोकांना ती माहीत नसतात.

तर कंस. बार ० ते ११ वर आहेत असं धरू. हवामान खातं वर्षाचे चार भाग करतं, जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. म्हणजे सीमा येतात वजा ०.५, १.५, ४.५, ८.५ आणि ११.५ वर, आणि नावं मधोमध ०.५, ३, ६.५ आणि १० वर. मान्सूनच्या कंसाला एक्स मध्ये ४.६, ४.६, ८.४, ८.४ द्या (दोन्हीकडे ०.१ सोडला म्हणजे शेजारचे कंस चिकटत नाहीत) आणि वाय मध्ये ०.०२, ०, ०, ०.०२, झाला चौकोनी कंस, तोंड वर.

पण तो खाली कसा ढकलायचा? इथे सगळे वायला वजा ०.१२ वगैरे देतात. आज चालतं. उद्या तुम्ही फिगरची उंची ४ इंचावरून ८ केली की वजा ०.१२ म्हणजे दुप्पट अंतर, कंस लांब खाली लटकतो, आणि उंची कमी केली की तो थेट महिन्यांच्या नावांवर चढतो. कारण महिन्यांची नावं पॉइंटमध्ये मोजलेली आहेत, त्यांची उंची चौकटीच्या उंचीबरोबर बदलत नाही. म्हणून दावं पण पॉइंटमध्येच द्यायचं: गेट एक्सॲक्सिस ट्रान्सफॉर्म अधिक स्केल्ड ट्रान्सलेशन, त्यात आडवं शून्य, उभं वजा २८ भागिले ७२, आणि तिसरं फिगरचं डीपीआय स्केल ट्रान्स. ट्रान्सफॉर्म सरळ अधिकच्या चिन्हाने जोडता येतात, ही या लायब्ररीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आता कंस चौकटीच्या खालच्या कडेपासून २८ पॉइंट खाली, कागद कितीही मोठा करा. २८ हा आकडा माझ्या फाँटचा, तुमचा बघून ठरवा.

नावांसाठी ॲनोटेट सोपा पडतो. बिंदू ६.५, ०, एक्सवायकोऑर्ड्स ला तेच गेट एक्सॲक्सिस ट्रान्सफॉर्म, एक्सवायटेक्स्ट शून्य आणि वजा ३२, टेक्स्टकोऑर्ड्स ला ऑफसेट पॉइंट्स, आडवं सेंटर, उभं टॉप. आणि एक्स अक्षाचं नाव असेल तर त्याचं लेबलपॅड वाढवा नाहीतर ते कंसावर येऊन बसेल.

एक खोच आहे. कंस प्लॉट ने काढलात तर त्याचे एक्स डेटाचे असल्यामुळे ऑटोस्केल (मर्यादा आपोआप ठरवणारी सोय) त्यांचीही दखल घेतो आणि चार्टची आडवी मर्यादा बदलू शकते, काही वेळा पूर्ण डेटा खुंट्यावर रेषा काढली तर तुम्ही ज्याला बाहेर म्हणताय ते आपोआप आतच येतं कारण चौकटच मोठी होते. मी लाइन टूडी बनवून ॲड आर्टिस्ट ने टाकतो, ते मर्यादांना हात लावत नाही. क्लिप ऑन फॉल्स तिथेही लागतंच.

(कंस नको, नुसती ऋतूंची नावं दुसऱ्या ओळीत हवी असतील तर एवढा खटाटोप करू नका, सेकंडरी एक्सॲक्सिस घ्या, त्याचे टिक ०.५, ३, ६.५, १० वर ठेवा आणि लेबलच्या आधी एक नवी ओळ टाका, दोन मिनिटांचं काम.)

आता उजवीकडची पट्टी. हवामान खात्याच्या वर्गवारीत ९० टक्क्यांखाली अपुरा, ९० ते ९५ सरासरीपेक्षा कमी, ९६ ते १०४ सरासरी, १०५ ते ११० सरासरीपेक्षा जास्त, त्यावर अतिरिक्त. आकडे पूर्णांकात असल्यामुळे ९५ आणि ९६ च्या मधे फट राहते, पट्टीत ती पांढरी चीर दिसते, म्हणून मी सीमा ८९.५, ९५.५, १०४.५ आणि ११०.५ वर ठेवतो. सरासरीचा तुकडा म्हणजे १.०२, ९५.५ पासून सुरू, रुंदी ०.०३, उंची ९, ट्रान्सफॉर्म गेट वायॲक्सिस ट्रान्सफॉर्म, क्लिप ऑन फॉल्स. तुमच्या जुन्या कोडमध्ये एक्सला वर्ष २०२६ दिलंय, ते नको, एक वर्ष वाढलं की पट्टी चार्टच्या आत येईल.

हे चालेल, पण याच्यात एक दुखणं आहे. क्लिप बंद केला म्हणजे आता कात्री कुणाकडेच नाही. वायची मर्यादा ७० ते १२० आहे तोवर ठीक, उद्या कुणी ८० ते १०५ केली की वरचे तुकडे चौकटीच्या वर शीर्षकात घुसतील आणि 'अपुरा' खाली गळेल. हाताने मॅक्स-मिन लावून छाटता येतं, पण प्रत्येक वेळी मर्यादा बदलल्यावर परत छाटायला लागतं. म्हणून अशा पट्टीसाठी मी रेक्टँगल काढणंच सोडलंय. त्याऐवजी इनसेट ॲक्सेस: डावी कड १.०२, खाल ०, रुंदी ०.०३, उंची १, आणि शेअर वाय ला मूळ ॲक्सेस. एक चिंचोळा ॲक्सेस मूळ चार्टला चिकटून उभा राहतो, त्यात ॲक्सएचस्पॅन ने पट्टे काढा, मग ॲक्सिस ऑफ. झूम केलं तरी पट्ट्या बरोबर सरकतात आणि जादा भाग आपोआप कापला जातो, कारण त्या आता कुणाच्या तरी चौकटीच्या आत आहेत. फक्त मूळ चार्टचं सेट वायलिम आधी करून घ्या आणि मग इनसेट बनवा, नाहीतर ॲक्सएचस्पॅन स्वतःच मर्यादा ताणेल.

आधी सोपा वाटणारा रेक्टँगल आणि शेवटी इनसेट, असं झालं खरं. पण रेक्टँगल एकदा करून बघाच, त्याशिवाय इनसेटची किंमत कळत नाही.

बाण. वर २००९ चा ठिपका ७८ टक्क्यांवर आहे, त्या वर्षी जून फार कोरडा गेला होता, तेच तुम्हाला दाखवायचंय, छान आहे. इथे बाणाचं एक टोक एका चार्टला बांधलेलं आणि दुसरं दुसऱ्याला. तुम्ही दोन्ही टोकांचे पिक्सेल काढून मधे रेष टाकलीये. तसं करू नका. कनेक्शन पॅच नावाचा आकार याच कामासाठी आहे: पहिलं टोक २००९, ७८, कोऑर्ड्स ए डेटा, ॲक्सेस ए वरचा, दुसरं टोक ५ आणि जूनच्या बारची उंची, कोऑर्ड्स बी डेटा, ॲक्सेस बी खालचा, बाणाचं टोक ॲरोस्टाइल ने. आणि तो कुठल्याही ॲक्सेसवर न टाकता फिगरच्या ॲड आर्टिस्ट ने टाका.

ॲक्सेसवर का नाही? कारण दोन्ही ॲक्सेसची पातळी सारखीच असते आणि ते ज्या क्रमाने बनले त्या क्रमाने रंगवले जातात. आधी वरचा, मग खालचा. खालचा रंगवताना त्याची पांढरी पार्श्वभूमी आधी अंथरली जाते आणि वरून लोंबकळणारं जे काही असेल ते तिच्याखाली गाडलं जातं. बाण अर्ध्यात तुटलेला दिसतो आणि माणूस तासभर क्लिप शोधत बसतो. क्लिपचा दोष नसतोच. वरच्या ॲक्सेसचा झेडऑर्डर (कोण कुणाच्या वर रंगवायचं तो आकडा) एकने वाढवला तरी चालतं, पण दोन चार्टमधल्या गोष्टी फिगरच्या मालकीच्या करणं जास्त स्वच्छ. फिगरचं ॲड आर्टिस्ट ३.१ पासून आहे, जुन्या कोडमध्ये फिगरच्या पॅचेसमध्ये अपेंड केलेलं दिसेल, ते आता विसरा.

पिक्सेलबद्दल सांगतो म्हणालो होतो. फार पूर्वी एका कामासाठी मी असेच ट्रान्स डेटा ने पिक्सेल काढून बाण टाकले होते, स्क्रीनवर एकदम चोख. रात्री उशिरा ३०० डीपीआयला सेव्ह करून न उघडताच मेल केलं. सकाळी फोन, बाण सगळे डाव्या खालच्या कोपऱ्यात गोळा होऊन काहीतरी भलतीकडेच दाखवतायत. हिशोब साधा होता, फिगर १०० डीपीआयवर होती, म्हणजे ६.४ बाय ४.८ इंचांचे ६४० बाय ४८० पिक्सेल, आणि फाइल झाली १९२० बाय १४४० ची. बाण मात्र जुन्याच पिक्सेलवर उभे, म्हणजे बरोबर एक तृतीयांश अंतरावर. ट्रान्सफॉर्म चालवून आलेला आकडा हा त्या क्षणाचा फोटो असतो. डीपीआय, मर्यादा, टाइट लेआउट, विंडोचा आकार, यातलं काहीही नंतर बदललं की तो शिळा. म्हणून आकडा काढून देऊ नका, ट्रान्सफॉर्मच देऊन टाका, तो प्रत्येक वेळी काढताना नव्याने हिशोब करतो.

अंड्याचा किस्सा छोटा आहे. सर्कल ला ट्रान्स ॲक्सेस दिलंत, त्यात आडवं एक आणि उभं एक सारख्या लांबीचं नसतं कारण चौकट चौरस नाही, मग गोल ताणला जाणारच. गोलाचा आकार इंचात आणि जागा चौकटीत हवी: सर्कल चं केंद्र ०, ०, त्रिज्या ०.१५, ट्रान्सफॉर्म म्हणजे डीपीआय स्केल ट्रान्स अधिक स्केल्ड ट्रान्सलेशन १, १, ट्रान्स ॲक्सेस. क्रम उलटा करू नका, आधी आकार, मग जागा. पण खरं सांगू का, नंबरभोवती गोलच हवाय ना, मग टेक्स्ट ला बीबॉक्स द्या, बॉक्सस्टाइल सर्कल, संपलं. चौकटीबाहेरच्या दहापैकी निदान सहा 'कस्टम शेप' हे मुळात अक्षरांभोवतीचे डबेच असतात, गोल, गोलसर कोपऱ्यांचे, बाणासारखे, आणि ते सगळे बॉक्सस्टाइल मध्ये तयार मिळतात.

राहिलं कापलं जाणं. नोटबुकमधलं चित्र आणि फाइल वेगळी का, तर नोटबुकचा इनलाइन बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष रंगवणारा भाग) चित्र दाखवताना बीबॉक्स इंचेस टाइट स्वतःहूनच लावतो, म्हणजे बाहेर जे काही लोंबतंय ते सगळं पकडून कागद तेवढा करतो. सेव्हफिग तसं करत नाही, तो ठरलेला कागद घेतो आणि बाहेरचं गेलं तर गेलं. तेव्हा सेव्हफिग मध्ये तेच लावा, काम होतं, फक्त लक्षात घ्या की मग फाइलची रुंदी तुम्ही फिगसाइज मध्ये दिलेली राहत नाही. ब्लॉग, रिपोर्ट, व्हॉट्सॲपला काही फरक पडत नाही. जर्नलने कॉलम ३.५ इंच सांगितला असेल तर पडतो, कारण ते तुमचं चित्र परत ३.५ ला दाबतात आणि अक्षरं लहान होतात.

रुंदी पक्की हवी असेल तर आधीच जागा सोडा. सबप्लॉट्स ॲडजस्ट मध्ये राइट मुळात ०.९ असतं ते ०.८ करा, बॉटम ०.११ चं ०.२. किंवा फिगर बनवताना लेआउट कॉन्स्ट्रेन्ड, तो ॲक्सेसवर टाकलेले कंस, लेबलं, इनसेट सगळं मोजून जागा करतो. फिगरवर थेट टाकलेल्या गोष्टी मात्र तो मोजत नाही, त्यामुळे तुमचा बाण त्याच्या हिशोबात नाही, पण बाण दोन चार्टच्या मधेच आहे तेव्हा हरकत नाही. उलट एखादी वस्तू मोजायलाच नको असेल (माझ्याकडे एकदा एका लांबलचक तळटीपेने अख्खा चार्ट चिमणीएवढा करून टाकला होता) तर तिच्यावर सेट इन लेआउट फॉल्स.

आणि शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाहीये पण तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय. लेबलं मराठीत आहेत आणि 'हिवाळा' मधली वेलांटी ह च्या नंतर पडलीये, 'मान्सूनपूर्व' मधला रफार सुटून र ला हलन्त आलाय. फाँट तुम्ही बदललाय हे चांगलं केलं, कारण मूळच्या डेजाव्हू सान्स मध्ये देवनागरी नाहीच, नुसते चौकोन येतात आणि ग्लिफ २३५० मिसिंग अशी वॉर्निंग (२३५० म्हणजे आपला म). पण नोटो सान्स देवनागरी लावूनही मी आजवर वापरलेल्या व्हर्जन्समध्ये पीएनजीत जोडाक्षरं मोडलीच, कारण फाँट असणं वेगळं आणि अक्षरं जोडून मांडणं वेगळं, ते दुसरं काम तिथे होत नाही. माझा रोजचा उपाय एसव्हीजी: आरसीपॅराम्स (मॅटप्लॉटलिबची सेटिंग्ज) मध्ये एसव्हीजी डॉट फाँटटाइप ला 'नन' हा शब्द अवतरणचिन्हांत द्या, मग अक्षरं रेषा न बनता अक्षरंच राहतात आणि ब्राउझर किंवा इंकस्केप ती नीट जोडून दाखवतो, तिथून पीएनजी काढा. सगळं पायथनमध्येच हवं असेल तर एमपीएलकायरो हा बॅकएंड आहे, अक्षरं जोडणाऱ्या राक्म लायब्ररीसकट बसवायला लागतो, एकदा बसला की छान चालतो, पण बसवताना विंडोजवर माझा एक रविवार गेलाय.

एसव्हीजीच्या वाटेने गेलात तर बीबॉक्स वाले डबे थोडे सैल किंवा घट्ट दिसतील, कारण डब्याचं माप मॅटप्लॉटलिबने मोडक्या अक्षरांवरून घेतलेलं असतं आणि अक्षरं नंतर जुळतात. मराठी नावांना डबा न देता नुसता कंस द्या, तो महिन्यांना बांधलेला आहे, अक्षरांना नाही.

आधी कंस आणि इनसेट तेवढे करून बघा, बाण त्यानंतर. बाण अडला तर दोन्ही ॲक्सेस बनवतानाच्या ओळी आणि सेव्हफिग ची ओळ एवढंच टाका, अख्खा कोड नको.